भक्ष्य-मूषक प्रजननगृह : रचना, साधनसामग्री आणि व्यवस्थापन

सारांश

सर्पोद्याने, प्राणिसंग्रहालये आणि वन्यजीव उपचार केंद्रे यांतील मांसाहारी प्राण्यांना नियमित व निर्धोक भक्ष्य मिळावे, यासाठी उंदरांचे प्रजनन करावे लागते. या कामासाठी बांधावयाच्या शेडचा विचार बहुधा पेट्यांच्या संख्येपासून सुरू होतो. प्रत्यक्षात अशा गृहाचे यशापयश छत, हवा आणि कोरडेपणा या तीन गोष्टींवर ठरते, असे प्रस्तुत लेखात साध्या आकडेमोडीच्या आधारे मांडले आहे. त्यासोबत पेट्या, आच्छादन, पाणी, खाद्य, रोगप्रतिबंध आणि वेदनारहित मृत्यू यांसाठी लागणाऱ्या सोयींचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : भक्ष्य-मूषक, प्रजननगृह, वायुवीजन, अमोनिया, प्राणिकल्याण.

१. प्रस्तावना

कणगी, पेव, बळद, कोठार ही सारी बांधकामे उंदीर बाहेर राहावा म्हणून माणसाने योजिली. भक्ष्य-मूषक प्रजननगृहात हा हेतू दुहेरी होतो. आतला उंदीर बाहेर जाता कामा नये आणि बाहेरचा उंदीर आत येता कामा नये. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे येथे उंदीर हा उपद्रवी जीव राहत नाही. तो एका संस्थेच्या आश्रयाला असलेला प्राणी ठरतो आणि त्याच्या आरोग्याची जबाबदारी त्या संस्थेवर येते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार भारतीय साप खाजगीरीत्या पाळता येत नाहीत. त्यामुळे परदेशात छंद म्हणून साप पाळणाऱ्यांच्या परसात दिसणारी अशी शेड आपल्याकडे मुख्यतः संस्थांच्या आवारातच संभवते. पुण्यातील कात्रजच्या सर्पोद्यानासारख्या ठिकाणी, तसेच जखमी घुबडे व शिकारी पक्षी यांच्यावर उपचार करणाऱ्या केंद्रांत तिची गरज भासते. धामण, नाग, घोणस आणि अजगर यांच्या आहारात उंदरांचा मोठा वाटा असतो. गव्हाणी घुबडाचे तर ते प्रमुख अन्न होय.

बाजारात किंवा शेतात पकडलेले उंदीर खाऊ घालणे स्वस्त वाटते; परंतु त्यात दोन धोके संभवतात. पहिला धोका परजीवी व रोगजंतूंचा. दुसरा धोका विषाचा. ब्रोमाडिओलोनसारखे रक्त गोठू न देणारे विष खाल्लेला उंदीर काही दिवस जिवंत राहतो आणि तो खाणाऱ्या प्राण्याच्या शरीरात ते विष पोहोचते. म्हणून ज्ञात खाद्यावर, ज्ञात ठिकाणी वाढविलेला उंदीर हाच खात्रीचा भक्ष्यप्राणी ठरतो.

२. प्राणी आणि त्यांचे जीवनचक्र

माऊस आणि रॅट या दोन्ही प्राण्यांना मराठीत उंदीरच म्हणतात. प्रस्तुत लेखात पहिल्यास लहान उंदीर आणि दुसऱ्यास मोठा उंदीर असे म्हटले आहे. लहान उंदराचा गर्भकाल १९ ते २१ दिवसांचा, तर मोठ्या उंदराचा २१ ते २३ दिवसांचा असतो. दोघांचीही पिल्ले साधारणतः २१ व्या दिवशी आईपासून वेगळी करता येतात. लहान उंदीर दोन महिन्यांच्या आत प्रजननक्षम होतो. प्रसूतीनंतर २४ तासांच्या आत मादी पुन्हा गाभण राहू शकते. त्यामुळे नर सतत सोबत ठेवल्यास एका वेताला दूध पाजत असतानाच दुसरे वेत पोटात वाढते. उत्पादनाच्या दृष्टीने हे सोयीचे असले, तरी मादीच्या शरीरावर त्याचा ताण पडतो. खाद्यातील प्रथिने, पाणी आणि विश्रांती यांत कसूर झाल्यास त्याचा परिणाम प्रथम पिल्लांच्या संख्येत दिसून येतो.

३. गरजेवरून पेट्यांची संख्या

शेडचा आकार ठरविण्यापूर्वी आठवड्याची मागणी निश्चित करावी. उदाहरणादाखल, एका मध्यम सर्पोद्यानास आठवड्याला ५० लहान उंदीर लागतात असे धरू. महिन्याला हा आकडा सुमारे २१५ होतो. एका मादीपासून महिन्याकाठी दूध तोडलेली ६ पिल्ले मिळतील असा सावध अंदाज केल्यास ३६ माद्या लागतील. आजारपण, वांझपणा आणि उन्हाळ्यातील घट यांसाठी चतुर्थांश वाढ धरून ही संख्या ४५ करावी. एका पेटीत तीन माद्या व एक नर ठेवल्यास प्रजननाच्या १५ पेट्या होतात. दूध तोडल्यानंतर तीन आठवडे वाढवावयाची पिल्ले १५० असतील. प्रत्येकी १५ याप्रमाणे त्यांना १० पेट्या लागतील. पुढील पिढीच्या निवडीसाठी ३ आणि धुण्याच्या फेऱ्यात राखीव २ पेट्या धरल्यास एकूण संख्या ३० येते.

पेटीच्या क्षेत्रफळासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने प्रयोगशाळेतील प्राण्यांसाठी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेचा आधार घेता येतो. तिच्या २०११ च्या आठव्या आवृत्तीत पिल्लांसह असलेल्या लहान उंदराच्या मादीस ३३० चौरस सेंटिमीटर आणि मोठ्या उंदराच्या मादीस ८०० चौरस सेंटिमीटर जागा सुचविली आहे. त्या हिशेबाने ४५ सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद पेटी, म्हणजे १,३५० चौरस सेंटिमीटर तळ, तीन माद्या, त्यांची पिल्ले आणि एक नर यांस पुरतो. अशा ३० पेट्या चार मजल्यांच्या दोन मांडण्यांत बसतात. ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि सरासरी २.७ मीटर उंच खोली घेतल्यास मांडण्या, काम करण्याची वाट आणि पुढील वाढ यांस पुरेशी जागा राहते.

४. पाया, भिंती आणि दार

जागा उंचावरची व पाणी न साचणारी निवडावी. जोते भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान ४५ सेंटिमीटर उंच असावे. जमीन घोटीव सिमेंटची, एका कोपऱ्याकडे उताराची आणि भिंतीशी गोलाई देऊन मिळविलेली असावी, म्हणजे सांध्यात घाण साचत नाही. सांडपाण्याच्या तोंडाला जाळी अनिवार्य आहे. लाकडी भिंती टाळाव्यात. लाकूड मूत्र शोषते, कुरतडले जाते आणि पूर्णपणे निर्जंतुक करता येत नाही. वीट व सिमेंटचा गिलावा आणि त्यावर धुता येणारा रंग ही रचना आपल्याकडे सर्वांत सुकर आहे.

लहान उंदीर सुमारे ६ मिलिमीटरच्या आणि मोठा उंदीर सुमारे १२ मिलिमीटरच्या फटीतून शिरू शकतो. म्हणून प्रत्येक खिडकी, झरोका व पंख्याचे तोंड यांस ६ मिलिमीटरहून बारीक छिद्रांची पोलादी जाळी बसवावी. दाराच्या खालच्या कडेस पत्र्याची पट्टी ठोकावी. मुख्य खोलीपूर्वी एक लहान बाहेरची खोली असावी. तेथे चपला बदलणे, हात धुणे आणि खाद्याचे डबे ठेवणे या गोष्टी व्हाव्यात. दोन्ही दारे एकाच वेळी उघडली जाणार नाहीत, असा नियम ठेवावा.

ही काटेकोर व्यवस्था अनाठायी नाही. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. या रोगाचे जंतू उंदरांच्या मूत्रातून पसरतात. घरउंदीर हा मेंदूच्या आवरणाचा दाह घडविणाऱ्या एका विषाणूचाही वाहक आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्यात भक्ष्य-उंदरांच्या एका व्यापारी प्रजननकेंद्रातील कामगारांना या विषाणूची लागण झाल्याचे आढळले. जंगली उंदीर आत शिरला, तर धोका केवळ उंदरांना नव्हे, तर त्यांची निगा राखणाऱ्या माणसालाही असतो.

५. उष्णता : छताचा प्रश्न

उपरोक्त मार्गदर्शिकेनुसार लहान व मोठ्या उंदरांसाठी २० ते २६ अंश सेल्सिअस तापमान योग्य मानले जाते. उंदरांना माणसासारखा घाम येत नाही. ते अंगाला लाळ फासून आणि शेपटीतील रक्तवाहिन्या रुंदावून उष्णता बाहेर टाकतात. तापमान दीर्घकाळ चढे राहिल्यास नरांची प्रजननक्षमता घटते, माद्या पिल्लांना पाजीनाशा होतात आणि शेवटी संपूर्ण वसाहत एका दुपारीत नष्ट होऊ शकते.

ही उष्णता येते कोठून, हे पाहणे उद्बोधक आहे. एक प्रौढ लहान उंदीर सुमारे अर्धा वॉट उष्णता बाहेर टाकतो. वरील उदाहरणातील अंदाजे २५० उंदीर मिळून ती सव्वाशे वॉटच्या आसपास, म्हणजे जुन्या काळच्या एका मोठ्या बल्बइतकी होते. याउलट उन्हाळ्यातील भर दुपारी छताच्या प्रत्येक चौरस मीटरवर ९०० ते १,००० वॉट सौर ऊर्जा पडते. १२ चौरस मीटर छतावर ती सुमारे ११ ते १२ हजार वॉट होते. तिच्यापैकी केवळ दहावा भाग जरी आत झिरपला, तरी तो सर्व उंदरांच्या एकत्रित उष्णतेच्या सुमारे नऊपट असतो.

पुढील भागात दाखविल्याप्रमाणे या खोलीस ताशी सुमारे ३९० घनमीटर हवा लागते. एवढी हवा एक अंशाने तापावयास अंदाजे १३० वॉट उष्णता लागते. म्हणजे उंदरांमुळे आतली हवा बाहेरच्यापेक्षा जेमतेम एक अंशाने वाढेल. परंतु उघड्या पत्र्याच्या छतामुळे ती नऊ अंशांनी वाढू शकेल. पंखे दुप्पट केल्यानेही बाहेरची तापलेली हवाच आत येणार. म्हणून खर्चाचा पहिला रुपया छतावर पडावा. मंगलोरी कौले व त्याखाली लाकडी किंवा सिमेंट तक्त्यांचे आढे, अथवा पत्र्यावर पांढरा परावर्तक रंग, खाली उष्णतारोधक थर आणि दोहोंमध्ये हवा खेळती राहील अशी पोकळी, यांपैकी एक उपाय अवश्य योजावा. शेड पूर्व-पश्चिम लांब ठेवून पश्चिमेस झाडाची अथवा मांडवाची सावली मिळाल्यास अधिक उत्तम.

थंडाव्याच्या साधनांत प्रदेशभेद लक्षात घ्यावा लागतो. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या जवळ जातो. पण हवा कोरडी असते. तेथे वाळ्याच्या ताट्या किंवा कूलर उपयोगी पडतात. कोकणात पारा त्यामानाने खाली असतो. मात्र हवाच दमट असल्याने कूलर केवळ ओल वाढवितो. तेथे सावली, जोराचे वायुवीजन आणि अखेरीस वातानुकूलन यंत्र हेच मार्ग उरतात. आर्द्रता ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान राखावी. ती फार खाली गेल्यास मोठ्या उंदरांच्या पिल्लांच्या शेपटीवर कड्यांसारखे आवळ पडून शेपटी झडण्याचा विकार संभवतो.

६. वायुवीजन आणि अमोनिया

प्रयोगशाळेतील प्राणिगृहात तासाला १० ते १५ वेळा हवा बदलण्याचा संकेत आहे. ४ × ३ × २.७ मीटर खोलीचे आकारमान ३२.४ घनमीटर भरते. तासाला १२ बदल धरल्यास सुमारे ३९० घनमीटर हवा लागते. पंख्यावर लिहिलेली क्षमता मोकळ्या हवेतील असते. जाळी आणि गाळणी बसविल्यावर ती घटते, म्हणून अधिक क्षमतेचा पंखा घ्यावा. एका पंख्याने भागत असले तरी दोन बसवावेत आणि ते वेगवेगळ्या वीजजोडण्यांवर ठेवावेत. हवा एका भिंतीतून खालच्या बाजूने आत यावी आणि समोरच्या भिंतीतून वरच्या बाजूने बाहेर जावी.

उन्हाळ्यात वीज खंडित होणे अशक्य नाही, हे गृहीत धरूनच रचना करावी. पंखे थांबल्यावर उघडता येतील असे जाळीदार झरोके आमनेसामने ठेवावेत. बंदिस्त, केवळ यंत्रावर चालणारी खोली दिसावयास आधुनिक असते. परंतु वीज गेल्यावर तीच सापळा होते. पंख्यांसाठी इन्व्हर्टर आणि तापमान ३० अंशांपुढे जाताच वाजणारी घंटा यांचा खर्च एका वसाहतीच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

खोलीतील हवा शुद्ध असली म्हणजे पेटीतीलही असतेच असे नाही. मूत्रातील युरियाचे जिवाणूंमुळे विघटन होऊन अमोनिया तयार होतो आणि तो ओल्या आच्छादनालगत, नेमका उंदराच्या नाकाशी साचतो. माणसांसाठी कामाच्या जागी दशलक्षात २५ भाग ही अमोनियाची सर्वसाधारण मर्यादा मानली जाते. मोठ्या उंदरांत मायकोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूमुळे होणारा श्वसनरोग अमोनियाने बळावतो. रोज आत जाणाऱ्या माणसाच्या नाकाला या वासाची सवय होते. त्यामुळे केवळ त्याच्या सांगण्यावर विसंबू नये. बाहेरून आलेल्या व्यक्तीला दारातच वास जाणवला, तर आच्छादन बदलण्यास उशीर झाला आहे असे समजावे.

७. पेट्या, आच्छादन आणि पाणी

पेटी गुळगुळीत, गोल कोपऱ्यांच्या पॉलिप्रॉपिलीनची आणि झाकण गंजरोधक पोलादी जाळीचे असावे. उंदीर कडेपासून कुरतडतो; म्हणून आतून दातात धरता येईल अशी एकही कड नसावी. मांडणीच्या फळीलाच झाकण मानून तिच्याखाली पेटी सरकविण्याची पद्धत जागा वाचविते. पण फळी व पेटी यांतील अंतर मिलिमीटरने चुकले तरी पिल्ले निसटतात आणि हवाही कोंडते. प्रथमच काम सुरू करणाऱ्यांनी जाळीच्या झाकणाची पेटीच स्वीकारावी.

आच्छादनासाठी आपल्याकडे भाताचे तूस सहज मिळते. मक्याच्या कणसाच्या दांड्याचा भरडाही चालतो. देवदार, चीड यांसारख्या सुगंधी लाकडाचा भुसा टाळावा. त्यातील द्रव्यांचा यकृताच्या कार्यावर परिणाम होतो. घरट्यासाठी कागदाच्या पट्ट्या द्याव्यात. आच्छादन आठवड्यातून किमान एकदा, पावसाळ्यात दोनदा बदलावे; मात्र नुकतीच व्यालेली मादी असल्यास घरटे काही दिवस जागचे हलवू नये आणि जुन्या आच्छादनातील थोडा भाग नव्यात मिसळावा. ओळखीचा वास नाहीसा झाल्यास बिथरलेली मादी पिल्लांना खाऊन टाकते.

लहान उंदीर दिवसाला ५ ते ६ मिलिलिटर, मोठा उंदीर २५ ते ४५ मिलिलिटर पाणी पितो. नळीतून आपोआप पाणी देणारी योजना मोठ्या केंद्रांत श्रम वाचविते. परंतु तोटी पेटीच्या आत असेल आणि ती गळू लागली, तर एका रात्रीत पेटी भरून पिल्ले बुडतात. बाटली गळली तरी तिच्यातील पाण्याइतकेच नुकसान होते. म्हणून पिल्लांच्या पेट्यांना बाटली आणि मोठ्या उंदरांच्या पेट्यांना, झाकणाबाहेर बसविलेली स्वयंचलित तोटी, अशी विभागणी हितावह आहे.

८. खाद्य आणि प्रकाश

लहान उंदीर दिवसाला ३ ते ५ ग्रॅम खाद्य खातो. दुधावरील माद्यांची वाढीव गरज धरून उदाहरणातील वसाहतीस दिवसाला सुमारे एक किलोग्रॅम, म्हणजे महिन्याला ३० किलोग्रॅम खाद्य लागेल. प्रजननासाठी १८ टक्क्यांहून अधिक प्रथिने असलेल्या घट्ट गोळ्या द्याव्यात. कठीण गोळ्यांनी सतत वाढणारे दातही झिजतात. शेंगदाण्याची पेंड व मका यांवर पावसाळ्यात बुरशी वाढून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. खाद्य झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात, जमिनीपासून उंच व भिंतीपासून दूर ठेवावे आणि एका महिन्याच्या गरजेपेक्षा अधिक साठवू नये.

दिवसाला १२ ते १४ तास प्रकाश पुरतो. तो घड्याळी बटणाने नियमित करावा. पांढऱ्या उंदरांच्या डोळ्यांत रंगद्रव्य नसल्याने तीव्र प्रकाशाने दृष्टिपटलास इजा होते. त्यामुळे वरच्या फळीवर सावली धरावी. उंदरांना माणसाला ऐकू न येणारे उच्च कंप्रतेचे ध्वनीही ऐकू येतात. गळका नळ किंवा बिघडलेला विजेचा चोक आपणांस शांत वाटला, तरी त्यांना तसा वाटत नाही.

९. रोगप्रतिबंध, मृत्यू आणि साठवण

नव्याने आणलेले उंदीर किमान तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावेत. रोजचे काम नेहमी निरोगी प्रजनन पेट्यांपासून आजारी पेट्यांकडे या क्रमाने करावे. हातमोजे व मुखपट्टी वापरावी. मेलेला प्राणी, जन्म, दूध तोडण्याची तारीख आणि किमान-कमाल तापमान यांची नोंद प्रत्येक पेटीच्या पत्रकावर असावी. वसाहतीतील बिघाड डोळ्यांआधी नोंदवहीत दिसतो.

प्रजननगृहाच्या आराखड्यात बहुधा विसरली जाणारी जागा म्हणजे मारण्याची जागा. ती मुख्य खोलीपासून अलग, वास व आवाज पोहोचणार नाही अशी असावी. कार्बन डायऑक्साइड वापरावयाचा असल्यास अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शिकेनुसार दर मिनिटाला पेटीच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के वायू सोडावा. २० लिटरच्या पेटीस ते प्रमाण मिनिटाला ६ ते १४ लिटर होते. म्हणून प्रवाहमापकाशिवाय हे साधन वापरू नये. नवजात पिल्ले ऑक्सिजनच्या अभावास दीर्घकाळ तोंड देतात. त्यांच्यासाठी केवळ या वायूवर विसंबता येत नाही. जिवंत प्राणी गोठवून मारणे ही क्रूरता होय. मृत्यूची खात्री केल्यावरच प्राणी उणे १८ अंशांवर साठवावेत. गोठविल्याने साल्मोनेला मरत नाही. २०१० मध्ये अमेरिकेत गोठविलेल्या भक्ष्य-उंदरांतून माणसांना त्याची लागण झाली होती. त्यामुळे हा शीतकपाट माणसांच्या अन्नासाठी कधीही वापरू नये.

१०. निष्कर्ष

प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये १९९८ मध्ये केलेल्या प्रजनन व प्रयोगविषयक नियमांचा रोख प्रयोगांसाठी वाढविलेल्या प्राण्यांवर आहे. भक्ष्य म्हणून वाढविलेल्या उंदराच्या बाबतीत प्रत्यक्ष जबाबदारी बव्हंशी शेड बांधणाऱ्या व चालविणाऱ्या संस्थेच्या विवेकावर येऊन पडते. वरील विवेचनातून असे दिसते की, हा विवेक आणि हिशेब परस्परविरोधी नाहीत. ज्या छताखाली उंदीर सुखाने श्वास घेतो, त्याच छताखाली पिल्लांची संख्या टिकते, खाद्य वाया जात नाही, निगा राखणारा माणूस आजारी पडत नाही आणि अखेर सापाच्या वा घुबडाच्या मुखी निरोगी घास जातो. उंदराचे आयुष्य येथे थोड्या आठवड्यांचे असते. ते आठवडे तापलेल्या पत्र्याखाली, अमोनियाच्या वासात जावेत की थंड, कोरड्या व खेळत्या हवेत जावेत, हे उंदीर आणण्यापूर्वी, आराखड्याच्या कागदावरच निश्चित होते.